नवं घर बांधताना आधी हात कुठवर पोचतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आराखड्याचा पहिला कागद हातात आलाय, खोदाई अजून व्हायचीय, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि अधूनमधून राहायला येणारी आई. नंतर पस्तावायला नको म्हणून कोणत्या सोयी आत्ताच करून घ्याव्यात? सोबत तुमची सत्तावीस गोष्टींची यादी आहे. ती वाचली. त्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी, म्हणजे छतातले लपवलेले दिवे, कोपऱ्यातून बाहेर सरकणारी रॅक, आवाजावर उघडणारे पडदे वगैरे, राहायला गेल्यावर पाच वर्षांनीही बसवता येतात. त्यांच्यासाठी आत्ता झोप घालवू नका.

मी तीसेक वर्षं घरं आखतोय आणि उभं राहून बांधून घेतोय. सुरुवातीला मीही घरमालकाला "काय काय हवंय?" असंच विचारायचो. आता विचारतो ते असं: यातलं काय काय बिघडणार आहे, आणि बिघडेल तेव्हा तिथवर हात पोचणार आहे का?

हे शहाणपण मला माझ्याच एका चुकीने आलं. राहायला जाऊन दोन वर्षंही न झालेलं घर. बेडरूमच्या कपाटामागे बशीएवढा ओलीचा डाग दिसायला लागला. पलीकडे बाथरूम, म्हणजे भिंतीतला एखादा जोड गळतोय हे उघड होतं. पण कुठला? पाइप भिंतीतून कसे गेलेत याचा एकही फोटो मी काढलेला नव्हता. अंदाजाने सात टाइल्स फोडल्या, तिथे काहीच नाही. गळत होता तो पाइपचा अंगठ्याएवढा कोपरा निघाला हातभर खाली. त्या बाथरूमचं पाणी बंद करणारा कॉक मी दिला होता, पण सुताराने त्याच्यासमोरच भिंतीला कपाट ठोकून टाकलं होतं. मग गच्चीवर जाऊन अख्ख्या घराचं पाणी बंद. दोन दिवस सगळं कुटुंब बादल्यांवर. आणि फोडलेल्या टाइल्सच्या रंगछटेच्या टाइल्स परत मिळाल्या नाहीत ते वेगळंच. आजही त्या भिंतीवर सात टाइल्सचं ठिगळ आहे.

म्हणून पाण्यापासून सुरू करतो. घरात सगळ्यात जास्त त्रास देतं ते पाणीच.

प्रत्येक बाथरूमला, स्वयंपाकघराला आणि वॉशिंग मशीनला स्वतंत्र कॉक द्या, उभ्याने हात जाईल अशा उंचीवर आणि कुठलंही कपाट पुढे येणार नाही अशा जागी. गोल चक्री फिरवायचे जुने गेट व्हॉल्व्ह घेऊ नका. वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही आणि नेमक्या वेळी ते फिरत नाहीत. दांडी पाव वळसा फिरवली की बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. घरातल्या लहान मुलालाही कळतं. सहा महिन्यांतून एकदा तोही उघडबंद करून ठेवा.

बाथरूम शक्यतो पाठीला पाठ किंवा एकावर एक घ्या आणि त्यांच्यामध्ये पाइपांसाठी एक डक्ट ठेवा. डक्ट म्हणजे माणूस आत उभा राहून पाना फिरवू शकेल असा, निदान 60 सेंमी रुंद आणि दार असलेला. कागदावर बरेचदा 30 सेंमीची फट दाखवून "डक्ट" लिहिलेलं असतं. त्यात कबुतरं घरटी करतात, प्लंबर जात नाही.

बाथरूम जवळजवळ ठेवण्याचा दुसरा फायदा गरम पाण्याचा. 15 मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे साधारण पावणेदोनशे मिलीलीटर पाणी मावतं. गीझर नळापासून 12 मीटर लांब असेल तर प्रत्येक वेळी दोन लिटरहून जास्त थंड पाणी आधी वाहून जाणार, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत पडणार. दिवसातून दहा वेळा हे होतं. गीझर वापराच्या जागेजवळ आणा, नाहीतर गरम पाण्याच्या पाइपाला वेष्टण द्या. वेष्टण नंतर घालता येत नाही, कारण पाइप तोवर भिंतीत गेलेला असतो.

टाकी गच्चीवर असेल तर एक साधं गणित करून बघा. पाण्याच्या 10 मीटर उंचीने साधारण 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीतल्या पाण्यापासून दोनच मीटर खाली असेल तर दाब मिळणार जेमतेम 0.2 बार. शोरूममध्ये भरभरून पडणारा ताटाएवढा शॉवर घरी आल्यावर ठिबकतो तो यामुळे. शॉवरला शिव्या देऊन उपयोग नाही. टाकी उंच करा किंवा छोट्या प्रेशर पंपाची जागा, विजेचा पॉइंट आणि पंप बंद असतानाही पाणी येत राहील असा बायपास आत्ताच ठेवा. पंप लगेच घेतला नाहीत तरी चालेल.

आता बाथरूमची जमीन. ढाळ मीटरमागे 12 ते 16 मिमी हवा, आणि तो जाळीकडे हवा, दाराकडे नको. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर तिसऱ्या घरात कोपऱ्यात पाणी साचतं. याचं मोठं कारण म्हणजे हल्लीच्या मोठ्या टाइल्स. चारी बाजूंनी मधल्या जाळीकडे उतरता ढाळ द्यायचा तर जमीन घडी घातल्यासारखी दुमडावी लागते आणि 60 सेंमीची टाइल दुमडत नाही. मोठ्याच टाइल्स हव्या असतील तर एका भिंतीलगत लांबट पन्हळीसारखी जाळी घ्या, म्हणजे सगळी जमीन एकाच दिशेला उतरते. मधोमध जाळी हवी असेल तर शॉवरखाली लहान टाइल्स घ्या. टाइल्सवाला निघून जाण्याआधी बादलीभर पाणी स्वतः ओता आणि दहा मिनिटांनी या. जिथे डबकं दिसेल तिथे तिथल्या तिथे दुरुस्ती करायला लावा. त्याने हत्यारं गुंडाळली की तो परत येत नाही.

टाइल्सच्या आधीची परीक्षा मात्र त्याहून महत्त्वाची. वॉटरप्रूफिंग झालं की जाळीचं तोंड बंद करून दोनेक इंच पाणी भरायचं, कडेला पेन्सिलीने खूण करायची आणि निदान 24 तास, जमल्यास 48 तास ठेवायचं. खालच्या छताला ओल आली तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या. नळाच्या पाइपांचंही तसंच: प्लास्टरच्या आधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्यायचा, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि काटा खाली येतो का ते काही तास बघायचं. कंत्राटदार म्हणेल, "साहेब, आम्ही रोज करतो, काही होत नाही." तुम्ही फक्त काट्याचा फोटो काढा, सुरुवातीचा आणि शेवटचा.

आणि मग प्रत्येक भिंतीचा फोटो, समोरून, मोजपट्टी लावून. एक फोटो पट्टी आडवी धरून, एक उभी धरून. खोलीचं नाव कागदावर लिहून तो कागद फोटोत येऊ द्या. या कामाला एक दुपार लागते. माझ्या त्या सात टाइल्स या एका दुपारीत वाचल्या असत्या.

आईच्या बाथरूमबद्दल एक गोष्ट, ती फारशी कोणी सांगत नाही. ते बाथरूम काही महिने बंद राहणार. जमिनीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी अडून राहतं तेच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. नळीला बाक देऊन पाणी अडवायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने 1775 मध्ये पेटंट केली आणि अडीचशे वर्षांत तिच्यावर फारसं काही सुचलेलं नाही. पण त्या पाण्याची उंची असते फक्त 50 मिमीच्या आसपास. वापर नसला की ते उडून जातं आणि वास येतो. लोक ड्रेनेजची लाइन खोदून बघतात! दोन आठवड्यांतून एकदा जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की संपलं. रोजच्या वापरातल्या ट्रॅपचं पाणीही ओढलं जाऊन वास येत असेल तर हवेचा पाइप दिलेला नाही असं समजा. तो पाइप छताच्या वरपर्यंत न्यायला आत्ताच सांगा.

विजेच्या कामात माझं सगळ्यात आवडतं हत्यार म्हणजे खडू. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, वायरींसाठी त्यांत झिऱ्या (खाचा) मारायच्या आधी, सगळं कुटुंब घेऊन साइटवर जा. पलंग कुठे येणार तो जमिनीवर खडूने काढा. त्यावर चक्क झोपल्यासारखं करा आणि हात लांब करून बघा, दिवा कुठून बंद करणार? फोन कुठे लावणार? भिंतीवर फुली मारा. दार उघडा, म्हणजे उघडल्याचं नाटक करा; बटण दाराच्या मागे जातंय का? एका घरात हे करताना मालकीणबाई डावखुऱ्या आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि ओट्यावरचे सगळे पॉइंट उलट्या बाजूला गेले. आराखड्यावर हे कधीच दिसलं नसतं.

जिन्याच्या दोन्ही टोकांना, लांब बोळाच्या दोन्ही टोकांना आणि बेडरूममध्ये दाराशी व पलंगाशी टू-वे स्विच द्या, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता आणि बंद करता येतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्री डोळे न दिपता जाता येईल असा घोट्याच्या उंचीचा मंद दिवा द्या. बटणं जमिनीपासून 90 ते 120 सेंमी, आणि प्लग निदान 40 सेंमी वर, कारण वयस्क माणसाला वाकायला लावणारा प्लग वापरात राहत नाही, मग त्याला कायमची एक्स्टेंशन लावली जाते आणि त्यात कोणीतरी पाय अडकवून पडतं.

मुख्य बोर्डात 30 मिलीअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारं बटण, हवाच. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारं बटण, वायर वाचवतो; आरसीसीबी माणूस वाचवतो. बोर्डात पाव भाग मोकळा ठेवा आणि प्रत्येक बटणाखाली खोलीचं नाव लिहून घ्या, वायरमन समोर असतानाच.

रिकामे पाइप हे माझ्या मते नव्या घरातलं सगळ्यात शहाणं काम. मुख्य बोर्डापासून गच्चीपर्यंत, गाडीच्या जागेपर्यंत, फाटकापर्यंत आणि टीव्हीच्या भिंतीपर्यंत एकेक रिकामा पाइप टाका, आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा आणि दोन्ही टोकं डबीत बंद करा. आज सौर पॅनल घ्यायचे नसतील, विजेवरची गाडीही नसेल. पण 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 32 अँपिअरचा चार्जर सात किलोवॉटहून जास्त ओढतो, त्याला जाडजूड स्वतंत्र केबल लागते, आणि ती रंगवलेल्या भिंतीवरून उघडी नेण्यासारखा कुरूप प्रकार नाही. पाइप जाड घ्या. वायरींनी आतली 40 टक्क्यांहून जास्त जागा भरली की ओढताना वायरी अडकतात आणि सोलवटतात. दोरी विसरू नका. दोरी नसलेला, तीन बाक असलेला रिकामा पाइप म्हणजे नुसता भिंतीतला बोगदा.

वायफायवर सगळा भार टाकू नका. लोखंड भरलेल्या काँक्रीटच्या स्लॅबमधून सिग्नल मरतो. प्रत्येक मजल्याच्या छताशी एक नेटवर्क केबल आणून सोडा.

जिन्याबद्दल लोक विचारत नाहीत, आणि घरातल्या घरात माणसं बरेचदा पडतात ती तिथे. सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाचं सूत्र आजही चालतं: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, मिळून 60 ते 64 सेंमी, म्हणजे माणसाचं एक पाऊल. 16 उंची, 30 रुंदी घेतलीत तर बरोबर 62 येतात. पण खरा घात वेगळाच होतो. काँक्रीटचा जिना ओतताना सगळ्या पायऱ्या सारख्या असतात. मग खालच्या मजल्याला 7 सेंमी जाडीचं फ्लोअरिंग होतं, पायऱ्यांवर 3 सेंमीचा दगड बसतो, आणि पहिली पायरी इतरांपेक्षा 4 सेंमीने बुटकी होते. वरच्या मजल्यावर तिसरंच काहीतरी. पाय मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला उंची पाठ करतो आणि तीच गृहीत धरून चालतो, त्यामुळे नेमका पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला तोल जातो. म्हणून जिन्याचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लावण्याआधी सगळ्या फ्लोअरिंगची जाडी कागदावर ठरलेली हवी. टाइल्स नंतर बघू म्हणालात तर जिना चुकला समजा. कठडा 90 सेंमीच्या आसपास आणि मूठ मिटेल इतका जाड, दाखवायला रुंद फळी नको.

बिघडणाऱ्या गोष्टींत आपणही आलो, हे तुमच्या यादीत कुठेच नाही. रोनाल्ड मेस हे अमेरिकन वास्तुविशारद लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत असत. सगळ्यांना वापरता येईल अशी रचना मुळातच करावी, अपंगांसाठी वेगळी नको, या विचाराला "युनिव्हर्सल डिझाइन" हे नाव त्यांनी दिलं. तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला लागून पूर्ण बाथरूम हवंच. ती आज अभ्यासाची खोली म्हणून वापरा हवं तर. पाय मोडलेला तरुणही सहा आठवडे जिना चढू शकत नाही. दारांची मोकळी रुंदी 80 सेंमीच्या खाली नको, 90 असेल तर उत्तम. खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या, आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. हे मी एकदा बघितलंय, दार बिजागरीसकट तोडावं लागलं होतं. आधाराच्या दांड्या आज लावू नका, पण कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंत भरीव विटांची ठेवा. पोकळ ब्लॉकमध्ये खिळा धरतो, माणसाचं वजन नाही. बाथरूमचा उंबरा नको. पाणी बाहेर येऊ नये म्हणून बाहेरच्यापेक्षा दीड सेंमी खोल जमीन पुरते, आणि तीही उताराने जोडून घ्या.

खिडक्यांचं थोडक्यात. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही, म्हणजे वाऱ्यासाठी तुम्ही मोजताय त्याच्या निम्मीच खिडकी मिळते. समोरासमोरच्या भिंतींत, एक खाली आणि एक वर अशी उघडी जागा असेल तर हवा खरी फिरते. उत्तर गोलार्धात दक्षिणेचं दुपारचं ऊन वरून येतं, ते छज्जाने अडतं. पश्चिमेचं ऊन तिरकं, थेट आत घुसतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही. तिकडे जिना, बाथरूम, कपाटांची भिंत टाका. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवायला सांगा. पाणी खाचेशी तुटून खाली पडतं, नाहीतर छज्जाच्या पोटावरून चालत भिंतीत जातं. खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. आणि वरच्या मजल्यावरची प्रत्येक काच बाहेरून कोण आणि कुठे उभं राहून पुसणार, हे विचारा. उत्तर नसेल तर ती खिडकी बदला.

स्वयंपाकघरावर इतकं लिहिलं गेलंय की मी दोनच गोष्टी सांगतो. ओट्याची उंची पुस्तकातली घेऊ नका. जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहणार तिच्या कोपरापासून 10 ते 15 सेंमी खाली घ्या. सिंकची कड मात्र त्याहून थोडी वर, कारण भांडी कडेवर नाही, तळाशी घासली जातात. आणि दिवा ओट्याच्या वर, कपाटाखाली. खोलीच्या मधोमध दिवा असला की चिरताना स्वतःचीच सावली सुरीवर पडते. खोली फार मोठी करायच्या नादाला लागू नका. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेलं स्वयंपाकघर साडेसहा चौरस मीटरच्या आसपास होतं. पावलं मोजून, हात कुठवर जातो ते बघून आखलेलं.

सामान ठेवायला जागा सगळेच मागतात, पण झाडू, बादल्या, इस्त्रीचं टेबल आणि शिडी यांची जागा कोणी मागत नाही. शिडी उभी राहील असं एक अरुंद उंच कपाट ठेवा.

तुमच्या यादीतल्या दोन गोष्टींना माझा विरोध आहे. एक, दोन मजली उंचीचा हॉल. टांगलेल्या दिव्यातला बल्ब गेला की परांची बांधावी लागते, आणि खालचा टीव्ही वर झोपलेल्याला ऐकू येतो. दिवा खाली उतरवता येईल अशी कप्पी बसवणार असाल तर माझा अर्धा विरोध मागे. दोन, एका पायरीने खोल गेलेली बैठक. एक पायरी कोणाच्याच लक्षात राहत नाही, पाहुण्यांच्या तर नाहीच. भिंतीवर टांगलेल्या कमोडबद्दल तुम्ही घाबरत विचारलंय, पण त्याला माझी हरकत नाही. त्याची टाकी भिंतीत असली तरी फ्लशची पट्टी काढली की आतल्या भागांपर्यंत हात जातो. फक्त कुठलं मॉडेल बसवलं त्याचा कागद जपून ठेवा, दहा वर्षांनी वॉशर शोधताना लागेल. एसीचं बाहेरचं यंत्र मात्र आराखड्यात हवेत लटकलंय. तिथे दुरुस्तीवाला उभा राहील एवढा सज्जा काढा किंवा यंत्र गच्चीवर न्या, आणि एसीच्या पाण्याची नळी खालच्या खिडकीवर सोडू नका.

आराखडा सुधारून आला की आधी लाल पेनाने प्रत्येक कॉक, प्रत्येक ट्रॅप आणि प्रत्येक डक्टचं दार त्यावर टिपा, मग मला पाठवा. शेजारी लिहा: इथे हात कसा पोचेल. जिथे लिहिता येणार नाही तिथून आपण बोलायला सुरुवात करू.